बाळाचं वजन वाढेपर्यंत टीएपीव्हीसीचं ऑपरेशन थांबवावं का?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी १९ दिवसांची आहे. जन्माचं वजन २.८ किलो होतं, आता २.६ आहे. पाचव्या दिवसापासून पोट उडायला लागलं. न्यूमोनिया म्हणून आठ दिवस काचेत ठेवलं, अँटिबायोटिक झाली. सॅच्युरेशन ८४ च्या वर जाईना म्हणून टूडी एको केला. त्यात 'टीएपीव्हीसी, सुप्राकार्डियाक, उभ्या शिरेत अडथळा' असं आलंय. पुण्याचे सर्जन म्हणतात लगेच आणा, दोन दिवसांत ऑपरेशन करू. घरचे म्हणतात, एवढ्याशा जिवाला कापू नका, आधी अंग धरू दे. आत्याच्या नातवाच्या हृदयाला भोक होतं, ते चौथ्या वर्षी छत्री टाकून बंद केलं. तसं हिचं नाही का होणार? एकदा ऑपरेशन झालं की संपलं का? आणि हे झालं कशानं? हिच्या आईनं ग्रहण पाळलं नाही, असं घरात चाललंय."

थांबू नका. बाकीचं उत्तर मोठं आहे, ते अँब्युलन्सची वाट बघताना वाचलंत तरी चालेल. टीएपीव्हीसी म्हणजे फुफ्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या सगळ्याच शिरा हृदयाच्या डाव्या बाजूला न मिळता भलतीकडे जाणं. तुमची मुलगी मी तपासलेली नाही आणि एकोही पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द पुण्याच्या सर्जनचाच. पण तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टमध्ये 'अडथळा' हा शब्द आहे, आणि या आजारात तो शब्द आला की आम्ही हृदयसर्जन घड्याळाकडे बघायला लागतो. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेत अर्ध्या रात्री उठून थिएटर उघडावं लागतं अशा वेळा फार थोड्या असतात. अडथळा असलेलं टीएपीव्हीसी ही त्यातली एक.

आधी नेमकं काय चुकलंय ते. प्रत्येक फुफ्फुसातून दोन अशा चार शिरा शुद्ध, लाल रक्त घेऊन हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येतात. तिथून ते खालच्या कप्प्यात आणि मग सगळ्या शरीराला जातं. तुमच्या मुलीत या चारही शिरा हृदयाच्या मागे एकत्र येऊन त्यांची एक आडवी थैली झाली आहे. ही थैली डाव्या वरच्या कप्प्याच्या पाठीला जवळजवळ टेकलेली असते. मध्ये फक्त दोन पातळ भिंती, पण दार नाही. म्हणून थैलीतलं रक्त दुसरी वाट धरतं. छातीच्या डाव्या बाजूनं एक उभी शिरा वर जाते, मानेखालच्या आडव्या शिरेला मिळते आणि डोक्याहातांकडून येणाऱ्या अशुद्ध रक्ताबरोबर उजव्या वरच्या कप्प्यात उतरते. घराच्या मागच्या भिंतीला लागून टाकी भरलेली आहे, पण तिचा पाइप गल्लीला वळसा घालून गटाराच्या पाण्यात मिसळून पुढच्या दारानं आत येतोय, असं काहीसं.

उजवीकडे सगळं रक्त एकत्र झालं, मग डावीकडे काय जाणार? इथे आत्याच्या नातवाच्या भोकाचा संबंध येतो. दोन्ही वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात एक छिद्र असतं आणि त्यातून हे मिसळलेलं रक्त डावीकडे जातं. ते छिद्र नसतं तर मुलगी जगलीच नसती. त्या मुलाचं भोक हाच आजार होता, म्हणून ते बुजवून काम भागलं. हिच्यात भोक ही जीवनवाट आहे. ते आम्हीही बंद करतो, पण थैली जोडून झाल्यावर, शेवटी. छत्री भोक बुजवू शकते, दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडू शकत नाही. त्यामुळे छत्रीचा विषय इथे संपतो.

सॅच्युरेशन ८४ च्या वर का गेलं नाही, याचंही उत्तर यातच आहे. ऑक्सिजन फुफ्फुसात पोचतो, रक्त तिथे लाल होतं, पण शरीराकडे निघण्याआधी त्यात निळं रक्त मिसळतं. नळीनं कितीही ऑक्सिजन द्या, मिसळणं थांबत नाही.

आता अडथळा. वर जाणारी उभी शिरा कधीकधी फुफ्फुसाकडे जाणारी डावी धमनी आणि डावी श्वासनलिका यांच्या मधून जाते आणि त्या चिमट्यात दाबली जाते. कधी ती वरच्या शिरेला मिळते तिथेच तोंड बारीक असतं. रक्त फुफ्फुसात येत राहतं आणि बाहेर पडायला जागा नाही. मग फुफ्फुसं तुंबतात, त्यांत पाणी झिरपतं, पोट उडायला लागतं. एक्स-रे काढला तर फुफ्फुसं पांढरट, धुरकट दिसतात आणि हृदय मात्र नेहमीएवढंच. हे चित्र आणि नवजात बाळाच्या न्यूमोनियाचं चित्र यांत फरक करणं खरंच कठीण आहे. तालुक्याच्या डॉक्टरांवर राग काढू नका. मोठ्या शहरांतही हे रोज फसवतं. पुस्तकात या आजाराचा एक्स-रे म्हणून बर्फाच्या माणसासारखी दोन गोलांची सावली दाखवतात. ती अडथळा नसलेल्या, काही महिन्यांच्या मुलांत दिसते. नवजात बाळात ती शोधत बसलेले कितीतरी शिकाऊ डॉक्टर मी पाहिलेत.

एक गोष्ट मात्र मी दर वेळी बोलते, इथेही बोलते. बाळ घरी सोडण्यापूर्वी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून आकडा बघायला पाच मिनिटं लागतात. आकडा ९५ च्या खाली किंवा हातापायात तीनाहून जास्त फरक वारंवार आला तर एको करायचा. अमेरिकेत २०११ पासून सगळ्या नवजात बाळांसाठी याची शिफारस आहे आणि ज्या आजारांसाठी ती केली त्यांत टीएपीव्हीसी आहे. या तपासणीतूनही काही बाळं सुटतात, पण बरीच सापडतात. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत हे सापडलं नाही याचंही नवल नको. पोटात असताना बाळाच्या फुफ्फुसांतून रक्तच थोडं वाहतं, त्यामुळे या शिरा बारीक असतात आणि चारही कप्पे नीट दिसतात. मुद्दाम शिरा शोधल्याशिवाय हे दिसत नाही.

या आजाराचे प्रकार शिरा कुठे जातात त्यावरून ठरतात. हृदयाच्या वर गेल्या तर सुप्राकार्डियाक, हा सर्वांत जास्त दिसतो, साधारण निम्मी बाळं यातली. काहींत थैली थेट हृदयातच, पण चुकीच्या बाजूला उघडते. ते ऑपरेशन तुलनेनं सोपं. थैलीची शिरा खाली उतरून श्वासपटलातून पोटात, यकृताच्या शिरेला मिळाली तर ती जवळजवळ नेहमीच अडलेली असते आणि ही बाळं पहिल्या एकदोन दिवसांतच जीव घाबरा करून टाकतात. चौथा प्रकार मिश्र. एका फुफ्फुसाच्या शिरा एकीकडे, दुसऱ्याच्या दुसरीकडे. त्यात सर्जनचा कस लागतो.

"अंग धरू दे" या म्हणण्यामागे माया आहे, ते मला कळतं. तीस वर्षांपूर्वी आम्हीही लहान बाळांच्या बाबतीत तेच म्हणायचो. पण जरा हिशोब बघा. जन्मापासून १९ दिवसांत वजन दोनशे ग्रॅमनं उतरलं. मिनिटाला सत्तर-ऐंशी श्वास घेणाऱ्या बाळाला दूध ओढायला फुरसत नसते, आणि जे पोटात जातं ते श्वासातच खर्च होतं. ती आणखी महिनाभर थांबली तर वजन वाढणार नाही, फुफ्फुसांतल्या धमन्या मात्र जाड आणि आकसलेल्या होतील, आणि ऑपरेशननंतरचा सगळा त्रास त्या धमन्याच देतात. अडथळा नसलेलं टीएपीव्हीसी असतं तर काही दिवस हाताशी असते. तसंही आम्ही महिने घालवत नाही, कारण ऑपरेशन न झालेल्या बहुतेक मुलांना पहिला वाढदिवस बघायला मिळत नाही. आपल्याकडे अधूनमधून पाच-सहा वर्षांचं, क्वचित विशीतलं कुणी ही तक्रार घेऊन येतं, ओठ निळे, नखं गोल फुगलेली. गावात अशा एखाद्याचं उदाहरण कुणी देईल. त्यांना अडथळा नव्हता आणि पडद्यातलं भोक मोठं होतं, म्हणून ती तगली.

घरच्यांपैकी कुणीतरी मोबाइलवर 'पीएपीव्हीसी' वाचून "यात तर चार-पाच वर्षांपर्यंत थांबतात" असं नक्की सांगेल. एका अक्षराचा फरक आहे. त्यात चारपैकी एखाददुसरीच शिरा भलतीकडे जाते, बाकीच्या जागेवर असतात. ती मुलं लाल असतात, खेळतात, शाळेत जातात, आणि ऑपरेशन सवडीनं करता येतं. उजव्या फुफ्फुसाची शिरा वरच्या मोठ्या शिरेत फार उंचावर उघडत असेल तर १९८४ मध्ये वॉर्डन यांनी मांडलेली पद्धत वापरतात: ती मोठी शिरा वरच्या बाजूला कापून उजव्या कप्प्याच्या टोकाला नव्यानं जोडायची आणि खालचा जुना भाग पडद्यातल्या छिद्रातून डावीकडे वळवायचा. आणखी एक भाऊबंद म्हणजे सिमिटार सिंड्रोम. उजव्या फुफ्फुसाची शिरा वाकडी होत खालच्या मोठ्या शिरेत उतरते आणि एक्स-रेवर हृदयाच्या कडेनं तुर्की तलवारीसारखी वळणदार सावली दिसते. त्यात उजवं फुफ्फुसही बहुधा लहान असतं. काही जणांना मोठेपणी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत कळतं की आपल्या छातीत अशी तलवार आहे, आणि त्यांना काही करावंही लागत नाही. हे सगळं तुमच्या मुलीचं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

ऑपरेशनमध्ये काय करतात हे आईवडिलांना सांगू नये असं मानणारे सहकारी मला भेटलेत. माझा अनुभव उलटा आहे. माहीत नसेल तर माणूस त्याहून वाईट चित्र रंगवतो.

बाळाला भूल दिली की छातीच्या मधोमध हाड उघडतो. हृदय तिच्या मिटलेल्या मुठीएवढं असतं. उजवी बाजू फुगलेली, ताणलेली, आणि डावी बाजू मागे दडलेली, लहान. हार्ट-लंग मशीन जोडून अंग थंड करत नेतो. बऱ्याचदा १८ अंशांपर्यंत. त्या तापमानाला मेंदूची ऑक्सिजनची गरज इतकी कमी होते की थोडा वेळ रक्ताभिसरण पूर्ण थांबवता येतं. साधारण ४० मिनिटं ही आम्ही मनाशी धरलेली लक्ष्मणरेषा, आणि हात बसलेल्या सर्जनला जोडणीला त्याहून बराच कमी वेळ लागतो. काही जण अभिसरण पूर्ण न थांबवता कमी प्रवाहावर चालू ठेवतात. मग हृदय थांबवून हळूच उचलून बाजूला कलवायचं. मागे ती थैली दिसते, गर्द, बाळाच्या करंगळीएवढी जाड.

आता थैलीला लांबीभर चीर, आणि तिच्या बरोबर समोर डाव्या कप्प्याच्या पाठीला तेवढीच चीर. दोन ओठ जुळवावेत तसे दोन्ही कडा एकमेकींना शिवायच्या. धागा केसाएवढा, डोळ्यांवर भिंगं. ऐकायला सोपं वाटतं. पण थैली रिकामी असताना आणि हृदय उचललेलं असताना जी जागा बरोबर वाटते, ती हृदय खाली ठेवून रक्त भरल्यावर तिरकी झाली तर शीर पिळली जाते. म्हणून उचलण्याआधीच कुठे चीर द्यायची याची खूण मनात पक्की करावी लागते. माझे गुरू म्हणायचे, दार हवं तेवढं मोठं ठेव, टाके आवळू नकोस. धागा जास्त ओढला तर बटव्याची दोरी ओढल्यासारखं तोंड चुणतं आणि आपणच नवा अडथळा करून ठेवतो. जोडणी झाली की पडद्यातलं भोक हृदयाच्या आवरणाचा तुकडा लावून बंद करायचं. उभी शिरा बांधायची की थोडी मोकळी ठेवायची, ते त्या दिवशीच्या दाबावर ठरवतात.

या जोडणीचा इतिहास फार जुना नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत म्यूलर यांनी हृदय न उघडता थैली डाव्या कप्प्याच्या टोकाला जोडली, म्हणजे अर्धी दुरुस्ती. १९५६ मध्ये मिनेसोटात लुइस आणि व्हार्को यांनी रुग्णाला थंड करून पूर्ण दुरुस्ती केली, आणि त्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये कर्कलिन यांनी ती हार्ट-लंग मशीनवर केली. त्या काळात नवजात बाळांत यश अपवादानंच मिळे.

आता आकडा द्या म्हणाल. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनमध्ये १९९८ ते २००४ या काळात जन्मलेल्या अशा ४२२ बाळांचा मागोवा घेतला गेला. सगळे प्रकार, सगळी गुंतागुंत धरून, ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के मुलं तीन वर्षांनी हयात होती. आज चांगल्या केंद्रात साध्या प्रकारात निकाल याहून चांगला असतो. अडथळा, फार कमी वजन, हृदयात आणखी दोष असले की जोखीम वाढते. तुमच्या मुलीला अडथळा आहे, वजन अडीच किलोच्या जरा वर आहे, आणि रिपोर्टमध्ये दुसरा दोष लिहिलेला नाही. सर्जनना विचारा: "अशा वजनाच्या, अडथळा असलेल्या किती बाळांचं तुमच्याकडे झालं आणि त्यांतली किती घरी गेली?" प्रामाणिक सर्जन याचा राग मानत नाही.

ऑपरेशननंतरच्या चार-पाच दिवसांत आयसीयूत जे दिसेल त्यानं हबकू नका. छाती कदाचित उघडीच ठेवलेली असेल, वर पारदर्शक पट्टी. सुजलेलं हृदय हाड मिटल्यावर दाबलं जाऊ नये म्हणून एकदोन दिवस तसं ठेवतात. पोटात एक बारीक नळी असेल, किडनी मंदावली तर साचलेलं पाणी काढायला. आणि नातेवाईक हमखास विचारतात, "बाळाला पाणी का नाही देत, ओठ सुकलेत." जन्मापासून डावी बाजू उपाशी होती. तिच्यात अचानक पूर्ण रक्त आलंय. जास्त पाणी दिलं तर ती फुगते आणि पुन्हा फुफ्फुसं तुंबतात. म्हणून आम्ही थेंब मोजतो.

सगळ्यात भीती रात्रीची असते. फुफ्फुसांच्या धमन्या चिडलेल्या असतात, एवढ्यातेवढ्यानं आवळतात. सिस्टरनं श्वासनळीतला कफ ओढला, बाळ ठसकलं, आणि पाहता पाहता सॅच्युरेशन ९८ वरून ६० वर येतं. याला आम्ही 'क्रायसिस' म्हणतो. त्यासाठीच पहिले दोन दिवस बाळाला गाढ झोपवून ठेवतात, कफ ओढण्याआधी वेगळा डोस देतात, लागलाच तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू श्वासातून देतात. पहाटे तीन वाजता हे ओळखून दोन मिनिटांत हात चालवणारी सिस्टर ज्या युनिटमध्ये आहे, तिथे या मुली घरी जातात. सर्जनचं नाव बघून हॉस्पिटल निवडतात लोक. मी आयसीयूतल्या रात्रपाळीवरून निवडीन.

एकदा झालं की संपलं का? बहुतेक मुलांचं संपतं. ती वाढतात, पळतात, पोहतात, आणि वर्षातून एकदा एको. पण सहा-सात मुलांमागे एकाची जोडणी किंवा शिरांची तोंडं पुन्हा बारीक होतात. आणि हे झालं तर बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांतच होतं.

एक मुलगा सांगते. दीड महिन्याचा असताना मी त्याचं ऑपरेशन केलं, दहाव्या दिवशी हसत घरी गेला. डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत, इंग्रजीत, 'एका महिन्यानं एको' लिहिलं होतं. ती ओळ कुणी वाचून दाखवली नाही. माझ्या युनिटनं नाही, मीही नाही. सोयाबीनची काढणी चालू होती, पोरगं दिसायला चांगलं होतं, ते आले नाहीत. चार महिन्यांनी आले तेव्हा गावात त्याचे 'तीन न्यूमोनिया' होऊन गेले होते. एकोत डाव्या दोन्ही शिरांची तोंडं दोऱ्याएवढी झालेली. आम्ही पुन्हा छाती उघडली आणि टाके शिरेला न लावण्याची पद्धत केली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिस आणि टोरांटोच्या सर्जननी ही पुढे आणली. शिरेचं बारीक झालेलं तोंड उघडून मोकळं सोडायचं आणि कप्प्याची कड शिरेला न शिवता भोवतालच्या आवरणाला शिवायची. शिरेला सुईच लागत नाही, त्यामुळे वण धरून पुन्हा आकसण्याचं एक कारण कमी होतं. काही केंद्रं आता पहिल्याच ऑपरेशनात ही पद्धत वापरतात. तुमच्या सर्जननी तसं सुचवलं तर बिचकू नका. त्या मुलाची एक शीर उघडी राहिली, दुसरी कायमची गेली. आता तो सातवीत आहे. कबड्डीत चढाई करतो, दोनदा, मग बसतो. तेव्हापासून माझ्याकडची प्रत्येक डिस्चार्ज तारीख मराठीत, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात असते.

म्हणून घरी जाताना एक महिना, तीन महिने, सहा महिने आणि वर्ष अशा एकोच्या तारखा लिहून घ्या. तुमच्या केंद्राच्या तारखा थोड्या वेगळ्या असतील, त्या धरा. मधल्या काळात पोट पुन्हा उडायला लागलं, दूध ओढताना कपाळाला घाम आला, वजन अडकलं किंवा कुणी 'न्यूमोनिया' म्हटलं, की औषधाआधी एको.

घरी गेल्यावरचं एक, जे आमच्या कार्डावर नसतं आणि आपल्या घरांत हमखास होतं. सहा आठवडे बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. छातीचं हाड जुळत असतं. मालिशवाल्या मावशींना तोवर सुट्टी द्या. पायावर घेऊन छाती चोळत घातलेली आंघोळ नको, टाक्यांवर तेल नको. आणि धुरी तर अजिबात नको, ओव्याची असो नाहीतर उदाची. ज्या फुफ्फुसांसाठी एवढं केलं त्यांत धूर कशाला?

ग्रहणाबद्दल. बाळाच्या फुफ्फुसाच्या शिरा हृदयाला जाऊन मिळतात तो काळ गर्भधारणेनंतरचा साधारण चौथा-पाचवा आठवडा. आधी फुफ्फुसाच्या अंकुरातलं रक्त बाकीच्या शरीराच्या जुन्या शिरांतून वाहत असतं. मग डाव्या कप्प्यातून एक फांदी मागे निघते, फुफ्फुसाला गाठते आणि जुन्या वाटा बुजतात. तुमच्या मुलीत ती फांदी पोचली नाही, म्हणून जुनी वाट उघडी राहिली. हे घडलं तेव्हा तिच्या आईला दिवस गेल्याची खात्रीही नसेल. नंतरच्या महिन्यांत तिनं काय खाल्लं, काय पाहिलं, चाकू धरला की नाही, यानं त्या फांदीला काहीही फरक पडत नव्हता. हे घरात मोठ्यानं वाचून दाखवा, विशेषतः जे बोलतात त्यांच्यासमोर. हा आजार बहुतेक घरांत एकट्यालाच होतो. तरी पुढच्या वेळी १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाचा एको करून घ्या, आणि चिठ्ठीवर 'आधीचं मूल टीएपीव्हीसी' लिहायला सांगा. काय शोधायचं ते माहीत असलं की शिरा दिसतात. तुमचं लग्न नात्यात झालं असेल, मामाची मुलगी वगैरे, तर तेही सांगा. जन्मजात हृदयदोषांचं प्रमाण अशा घरांत काहीसं जास्त असतं.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण रात्री तोच विचार येत असणार. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत नवजात बाळांच्या हृदयशस्त्रक्रिया आहेत. हॉस्पिटल योजनेत आहे का ते आधी फोनवर विचारा आणि गेल्या गेल्या तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. तातडीच्या केसमध्ये फोनवरून कळवून काम सुरू करता येतं, कागद मागाहून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि त्यात जन्मजात हृदयदोष येतात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मुलीची नोंद करून ठेवा. पुढे तिचं चालणं-बोलणं वेळेवर येतंय का हे तिथेच तपासता येतं, आणि थंड करून केलेल्या ऑपरेशननंतर ते बघायलाच हवं.

सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. खासगी गाडीत मांडीवर घेऊन निघू नका. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, डॉक्टरांनी पुण्याच्या टीमशी स्वतः फोनवर बोलावं: नळी घालून न्यायचं का, ऑक्सिजन किती, कोणती औषधं चालू ठेवायची. सॅच्युरेशन ८० च्या घरात असेल तर ते शंभर करायच्या नादात वाटेत ऑक्सिजन वाढवत नेऊ नका. अडलेल्या फुफ्फुसांत त्यानं आणखी रक्त शिरतं. बाळ गार पडू देऊ नका, डोक्याला टोपी, पायांत मोजे. एकोचा कागद पुरत नाही, त्याची सीडी किंवा मोबाइलमधले व्हिडिओ घ्या. आणि रक्तगट जुळणारे दोघे-तिघे पुण्यात तयार ठेवा.

बाळंतिणीचे टाके ओले असतील, तरी शक्य असेल तर तिला बरोबर न्या. तिला दर तीन तासांनी दूध काढायला सांगा, रात्रीही. स्टीलच्या उकळलेल्या वाटीत काढून झाकायचं, तारीख-वेळ लिहायची, आयसीयूच्या फ्रीजमध्ये द्यायचं. पहिले काही दिवस ते फेकल्यासारखं वाटेल. चौथ्या-पाचव्या दिवशी सिस्टर नळीतून दोन-दोन मिली सुरू करतील तेव्हा ते तिचंच असावं, आणि नळी निघून मुलगी छातीला लागेल तेव्हा दूध आटलेलं नसावं.